टोपीला भूक लागते का?

मराठी माणसाला जागा धरायला शिकवावं लागत नाही. स्टँडवर एसटी नीट उभी राहायच्या आत खिडकीतून रुमाल आत जातो, मागून पिशवी, आणि जमलं तर पिशवीच्या मागून बंड्या. लग्नात पहिली पंगत ताक पीत असते तेव्हाच कुणाची तरी मावशी शेजारच्या टेबलाला चार खुर्च्या तिरक्या टेकवून मोकळी झालेली असते. आपल्या मेसमध्ये रविवारी फीस्ट असली की हेल्मेट जेवायला बसतात. आणि पीएलमध्ये रीडिंग हॉलची काही टेबलं बघितली की वाटतं, यांच्या सातबाऱ्यावर वह्यांचीच नावं चढली असावीत.

यातल्या प्रत्येकावर वेगळा लेख होईल. मला आज बोलायचंय ते थीम पार्कातल्या रेस्टॉरंटबद्दल. "काय पण विषय काढला!" असं म्हणू नका. दरवर्षी आयव्ही निघते, त्यात अर्धा दिवस इंडस्ट्री आणि पूर्ण दिवस पार्क हे प्रमाण एचओडींपासून ड्रायव्हरकाकांपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. दोन बसभर पोरं दुपारी एकच्या ठोक्याला एका हॉलमध्ये शिरली की जागा धरण्याच्या आपल्या कलेचं जे दर्शन होतं, तसं कुठेच होत नाही.

पण आधी एसटीच्या रुमालाची बाजू घेतो. कारण कुणीतरी लगेच म्हणणार, "अरे, ही आपली परंपरा आहे!" आहेच. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) रस्त्यावर पहिली एसटी धावली. पहिला रुमाल कधी पडला याची नोंद महामंडळाकडे नसावी. पण रुमालाचा हिशेब साफ आहे. रुमाल पडल्यापासून मालक धापा टाकत येईपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात, आणि मग तो तीन तास तिथेच बसतो. रुमाल नसता तरी त्या सीटवर कुणीतरी एकच जण नगरपर्यंत गेला असता. म्हणजे रुमालामुळे गाडीतली एकही सीट कमी होत नाही. कुणाला मिळायची एवढंच ठरतं. भांडण होतं ते त्यावरून, आणि ते होऊ दे.

पार्कात तसं नाही. तिथे टोपी ठेवली की टेबल खरोखरच कमी होतं. कसं, ते सांगतो.

जे गेले नाहीत त्यांच्यासाठी: बहुतेक पार्कांत बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. त्यामुळे झाडाखाली बसून धपाटे-दही, हा पर्याय गेटवरच संपतो. आत सेल्फ सर्व्हिस. काउंटरपुढे रांग, पैसे भरा, टोकन घ्या, ट्रे घ्या, आणि मग टेबल शोधा. हा क्रम रेस्टॉरंटवाल्याने ठरवलेला. आपला क्रम वेगळा. आत शिरल्या शिरल्या ग्रुपचे दोन तुकडे होतात. एक तुकडा रांगेत, दुसरा टेबलावर. दुसऱ्या तुकड्यात माणसं कमी पडली तर टोपी, पाण्याची बाटली, सेल्फी स्टिक आणि राइडवर भिजलेला टॉवेल. झालं आरक्षण!

जानेवारी २०२४ मध्ये आम्ही गेलो होतो तेव्हाची गोष्ट. कुठलं पार्क ते सोडा, त्यांचा यात काही दोष नव्हता. मी रांगेत मधोमध होतो आणि समोर अकरा टेबलं दिसत होती. रांग हलत नव्हती, मग करायचं काय, मोजत बसलो. पाच टेबलांवर लोक जेवत होते. सहा टेबलांवर सामान जेवत होतं. त्या सहांतली दोन आपल्याच बॅचची, एका टेबलावर एक राखणदार मोबाइल बघत बसलेला आणि शेजारच्या टेबलावर नुसती निळी टोपी.

आमच्याबरोबर वर्कशॉपचे मामा आले होते. मामा एकटेच. सर लोक कूपन काउंटरवर अडकलेले. मामांनी पहाटे बसमध्ये सामान चढवलेलं, दिवसभर पोरांच्या बॅगा सांभाळलेल्या, आणि आता पुरीभाजीचा ट्रे दोन्ही हातांत धरून ते टेबल शोधत होते. त्या टोपीपाशी थांबले, राखणदाराकडे बघितलं. तो म्हणाला, "मामा, इथे आपली पोरं येतायत, पाच मिनिटांत." मी रांगेतूनच ओरडलो, "अरे, मामांना बसू दे की!" तर मामाच म्हणाले, "असू दे रे बाळा, सवय आहे. खा तुम्ही निवांत." आणि हात धुवायच्या बेसिनजवळ भिंतीला एक कट्टा होता, त्यावर ट्रे ठेवून उभ्याने जेवले. जेवून, हात धुऊन, ट्रे परत करून मामा बाहेर गेले. टोपी अजून वाटच बघत होती.

राखणदार वाईट नाही. चांगला मुलगा आहे, ब्लड डोनेशनला पहिला असतो. त्याला मित्रांनी सांगितलं "जागा धर", त्याने धरली. आपल्याकडे मित्राची जागा धरणं हे पुण्यकर्म आहे, आणि पुण्यकर्म करताना समोर कोण उभं आहे ते दिसत नाही. माझा राग त्याच्यावर नाही. राग त्या पद्धतीवर आहे, आणि ती पद्धत नुसती असभ्य नाही, मुळात चुकीच्या हिशेबावर उभी आहे.

आता हिशेब. क्यूइंग थिअरीत लिटलचा नियम आहे, जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला. सोपा आहे, पेपरात आला तर सोडू नका. एखाद्या जागेत सरासरी किती जण असतात? येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाचा तिथला वेळ. बस्स.

समजा ६० टेबलं आहेत. दर मिनिटाला २ ग्रुप येतात. रांगेत २० मिनिटं जातात, जेवायला २५. सगळ्यांनी ट्रे हातात आल्यावरच टेबल घेतलं तर एका वेळी भरलेली टेबलं २ गुणिले २५, म्हणजे ५०. साठातली दहा शिल्लक! आता सगळ्यांनी आधी टेबल धरलं तर टेबल रांगेचा वेळही गिळणार. २ गुणिले ४५, म्हणजे ९० टेबलं पाहिजेत. आहेत साठच. माणसं वाढली नाहीत, भूक वाढली नाही, पुरीचा व्यास तेवढाच. फक्त टोप्या आल्या आणि तीस टेबलं कमी पडली. मग ते तीस ग्रुप काय करतात? काही ट्रे घेऊन फिरतात, काही ऑर्डरच न देता जेवणाऱ्यांच्या पाठीशी उभे राहून घास मोजतात.

म्हणजे बघा, टेबल मिळत नाही म्हणून लोक आधी धरतात, आणि लोक आधी धरतात म्हणूनच टेबल मिळत नाही. विचाराल त्याला "काय करणार, गर्दीच एवढी आहे" हेच उत्तर. ती गर्दी निम्मी टोप्यांची असते हे कुणाच्या गावी नाही.

गणिताचे सर इथे चष्मा वर करून म्हणतील, "सरासरीवर जाऊ नकोस. माणसं ठोक्याने मिनिटाला दोन अशी येत नाहीत." बरोबर आहे सर. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एरलांगने १९०९ मध्ये फोन कॉल्सबद्दल जे दाखवलं तेच इथेही, माणसं झुंडीने येतात. त्यात पार्क म्हणजे शो सुटला की चारशे जण एकदम बाहेर, पाऊस आला की सगळे एकदम आत. त्या दहा मिनिटांत दहा शिल्लक टेबलं पुरणार नाहीत आणि कुणाला तरी ट्रे घेऊन उभं राहावं लागेल, हे मी मान्य करतो. पण ते दोन-चार मिनिटांसाठी, आणि कुणालाही. टोपीच्या पद्धतीत उभं राहावं लागतं ते ठरावीक लोकांनाच. त्याबद्दल पुढे बोलतो.

कॉम्प्युटरवाल्यांसाठी एक परिच्छेद, मेकॅनिकलने सोडला तरी चालेल. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पुस्तकात डेडलॉकच्या चार अटी आहेत, कॉफमन आणि मंडळींनी १९७१ मध्ये मांडलेल्या. त्यातली एक 'होल्ड अँड वेट', एक रिसोर्स अडवून दुसऱ्याची वाट बघत बसणं. डाइक्स्ट्रांनी १९६५ मध्ये विद्यार्थ्यांना परीक्षेत एक प्रश्न घातला, टोनी होअर यांनी त्याला जेवणाच्या टेबलाचं रूप दिलं, आणि त्यातून 'डायनिंग फिलॉसॉफर्स' तयार झाले. आपण तो व्हायवाला तोंडपाठ म्हणतो. पार्कात तोच समोर घडत असतो: एकाकडे टेबल आहे, जेवण नाही, दुसऱ्याकडे जेवण आहे, टेबल नाही. पक्का डेडलॉक होत नाही कारण रांग सरकत राहते, एवढीच कृपा. पण पाचही फिलॉसॉफर बिचारे उपाशी तरी सारखेच राहतात. आपल्याकडे टोपीवाला सोडून बाकीचे.

"पहिला येईल त्याला जागा" हा युक्तिवाद मी बसमध्ये परतताना बराच ऐकला. ऐकायला छान आहे. पण पहिला कोण? मामा रांगेत टोपीवाल्यांच्या सात-आठ नंबर पुढे होते. त्यांना जेवण आधी मिळालं, म्हणजे ते आधी आले होते. तरी टेबल मिळालं मागच्यांना. रांगेत कुणी मध्ये घुसला तर आपण अख्खी रांग मिळून त्याची आई-बहीण काढतो. टेबल आधी धरणं म्हणजे तेच घुसणं आहे. काउंटरच्या रांगेत सज्जनपणे मागे उभं राहायचं, आणि टेबलाच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे. ही दुसरी रांग डोळ्यांना दिसत नाही, म्हणून कुणी बोंब मारत नाही.

"तिकिटाचे पैसे मोजलेत" हाही एक युक्तिवाद. मामांच्या तिकिटाचेही मोजलेले होते.

आणि आता तो मुद्दा, ज्यासाठी एवढं लिहायला घेतलं. जागा धरायला माणूस लागतो. दहा जणांच्या ग्रुपला दोन माणसं टेबलावर सोडणं काहीच नाही. तीन जणांच्या कुटुंबाला अवघड. दोन वर्षांचं पोर कडेवर घेतलेल्या एकट्या बाईला अशक्य: ती रांगेत उभी राहील की टेबलावर? एकट्या माणसाचं तर विचारूच नका. म्हणजे या पद्धतीत सर्वांत जास्त टेबलं त्यांना मिळतात ज्यांच्याकडे आधीच सर्वांत जास्त हात आहेत. आणि तेच लोक चार मिनिटं उभं राहायला सर्वांत धट्टेकट्टे असतात! वीस वर्षांची, सकाळपासून रोलर कोस्टरवर उलटीपालटी होऊन आलेली पोरं बसायला टेबल आधी धरतात, आणि पन्नाशीतला माणूस बेसिनशेजारी जेवतो.

मग आजीचं काय? रास्त प्रश्न. एखाद्या कुटुंबात आजी आहे, गुडघे दुखतायत, ती वीस मिनिटं रांगेत उभी राहणार नाही. तिने बसावंच. लहान पोरं आहेत, पोटुशी बाई आहे, कुणाला चक्कर आली आहे, त्यांनीही बसावं. ते जागा अडवत नाहीत, ते बसलेले आहेत. खुर्चीचं काम माणसाला बसवणं आहे आणि ती ते करते आहे. पण आजीने एका टेबलावर बसावं. आजीने एका टेबलावर, तिच्या पर्सने दुसऱ्यावर आणि काठीने तिसऱ्यावर बसू नये.

सिंगापूरची एक गंमत सांगतो. तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखाली भरपूर स्टॉल आणि मध्ये टेबलं, लोक टिश्यू पेपरचं पाकीट टेबलावर ठेवून जेवण आणायला जातात. पाकीट दिसलं की ती जागा गेली. या प्रकाराला तिथे म्हणतात 'चोप'! (आपल्याकडचा चोप वेगळा, आणि कधीकधी तोच द्यावासा वाटतो.) हॉकर संस्कृती २०२० मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेली, टिश्यूचं पाकीट बरोबर गेलं का ते विचारू नका. पण तिथल्या चोपमध्ये एक न्याय आहे. पाकीट एकट्या माणसालाही ठेवता येतं, आणि स्टॉल चार पावलांवर असतो. आपल्या टोपीत हे दोन्ही नाही. टोपी राखायला शेजारच्या टेबलावर माणूस लागतो, आणि रांग वीस मिनिटांची असते. एकट्याने टोपी ठेवून वीस मिनिटं पाठ फिरवून दाखवावी. टेबलही जाईल आणि टोपीही.

अमेरिकेत फ्लोरिडाच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये हा प्रश्न वेगळ्याच कारणाने सुटून गेला होता. तिथे २०१७ पासून मोबाइलवर ऑर्डर देता येऊ लागली. कोविडनंतर जुलै २०२० मध्ये पार्क उघडले तेव्हा बऱ्याच सेल्फ सर्व्हिस रेस्टॉरंटांच्या दारात माणूस उभा असायचा, आणि फोनवर "ऑर्डर तयार आहे" असा निरोप आल्याशिवाय आत सोडत नसे. हेतू गर्दी टाळण्याचा. पण झालं काय, जेवण नसलेला माणूस टेबलापर्यंत पोचूच शकत नव्हता. टोपीवाल्यांना दारातच 'होल्ड अँड वेट'. आपल्याकडच्या पार्कांना हे अवघड आहे असं मला वाटत नाही. दारात एक माणूस आणि टोकन बघायची सवय, एवढंच लागतं.

आणि खरं तर एवढंही लागू नये. मुंबईच्या उडुपी हॉटेलात चार जणांच्या टेबलावर चार अनोळखी माणसं चार वेगळ्या दिशांना बघत इडली खातात, कुणाला काही वाटत नाही. "इथे कुणी आहे का?" विचारायचं आणि बसायचं. बंगळुरूच्या दर्शिनीत तर खुर्च्याच नसतात, उंच टेबलाशी उभं राहून डोसा संपवायचा आणि चालू पडायचं. अडवायला काही ठेवलेलंच नाही. तीच माणसं पार्कात आली की चार खुर्च्यांच्या टेबलावर दोघं बसतात आणि उरलेल्या दोन खुर्च्यांवर बॅगा ठेवून आख्ख्या जगाकडे पाठ करतात. सुट्टीच्या दिवशी माणूस जास्त मोठ्या मनाचा व्हायला हवा की नको?

टोपी दिसली तर काय करायचं, यावर आमच्या विंगमध्ये दोन तास चर्चा झाली. एक पंथ म्हणतो टोपी उचलून खिडकीत ठेवा. दुसरा म्हणतो, नको, मारामारी होईल. माझं मत असं: टोपीला हात लावू नका. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसा, राखणदार असेल तर त्याला सांगा, "तुमचे लोक ट्रे घेऊन आले की उठतो," आणि जेवायला लागा. एकट्या माणसाचं जेवण बारा मिनिटांत होतं, रांग वीस मिनिटांची. बहुतेक वेळा उठायची वेळसुद्धा येत नाही. आणि आली तर खरंच उठा, चेहरा न पाडता. गेल्या वर्षभरात मी दोनदा हे केलंय, एकदा फूड कोर्टमध्ये, एकदा एका प्रदर्शनात. एका ठिकाणी कपाळाला आठ्या, दुसऱ्या ठिकाणी "अहो बसा ना, आमचं अजून यायचंय" आणि वर लोणचं.

यंदाच्या आयव्हीसाठी मी सीआरला आणि बरोबर येणाऱ्या मॅडमना जेवणाचं एक वेळापत्रक करून दिलंय. ब्याण्णव जणांनी एक वाजता आत घुसायचं नाही. तीन तुकड्या: पावणेबारा, साडेबारा आणि सव्वादोन. पावणेबाराला भूक लागत नाही अशी तक्रार असणाऱ्यांनी बसमधला नाश्ता कमी करावा. सव्वादोनच्या तुकडीला त्याच वेळात राइडच्या रांगा कमी मिळतील, हे त्यांनी आधी लक्षात घ्यावं म्हणजे भांडणं होणार नाहीत. बरोबर येणारा स्टाफ आणि मामा पहिल्या तुकडीत. प्रत्येकाने ट्रे हातात आल्यावरच टेबल बघायचं, दहा जणांनी एकत्रच बसलं पाहिजे असा हट्ट नको. तीन आणि चार असे बसलात तर मैत्री तुटत नाही, नंतर बसमध्ये सहा तास एकत्रच आहात. जेवण झालं की ट्रे उचला आणि गप्पा बाहेरच्या बाकावर मारा.

मॅडमनी होकार दिलाय. सीआर म्हणतो, पोरं ऐकणार नाहीत. तुकड्यांची यादी मेसच्या नोटीस बोर्डावर लावली आहे. ज्यांना तुकडी बदलून हवी असेल त्यांनी बदली देणारा स्वतः शोधून दोघांची नावं सीआरकडे एकत्र द्यावीत. सव्वादोनमध्ये अजून अकरा जागा आहेत.